कागदाच्या लगद्याचा खंड्या: अंगाला बुरशी आली, चोचही वाकली

रंकाळ्याकाठची
गुडघ्याच्या ऑपरेशननंतर आमच्या आबांचा रंकाळ्याचा फेरा बंद झालाय. संध्यामठाच्या बाजूला तारेवर बसलेला खंड्या दिसल्याशिवाय ते घरी परतायचे नाहीत. म्हणून त्यांच्या खिडकीत ठेवायला पांढऱ्या छातीचा खंड्या करायला घेतला, खऱ्याएवढा, म्हणजे सुमारे २८ सेंमी.

फुग्यावर वर्तमानपत्राच्या पट्ट्या मैद्याच्या खळीनं चिकटवल्या. एका बैठकीत सहा थर दिले. बाहेर पावसाची झड, त्यामुळं पाच दिवस अंग ओलंच. फुगा फोडला तर आत कुबट वास आणि पोटाखाली काळे ठिपके. लगद्याची चोच लांब ओढली होती, ती वाळताना खाली झुकली. पायांना घरात पडलेली बांधकामाची तार घातली, तिचे तांबूस डाग वरपर्यंत उमटलेत.

हे अंग वाचेल का? आणि खंड्याचा तो निळा कसा आणायचा? माझ्याकडं पोस्टर कलर आहेत.

कुंभारगल्ली
ताई, आमच्या घरात गणपतीचं काम आहे, त्यावरून सांगतो. ते अंग ठेवू नका. बुरशी आतल्या थरात गेली की वरून कितीही रंग मारा, ओल लागली की परत उमटणार. एका बैठकीत सहा थर दिलासा, तिथंच घोटाळा झाला.

दोन थर द्यायचे आणि थांबायचं. पंख्याखाली ठेवा, मधून मधून फिरवत राहा. वाळलं का नाही ते बोटानं कळत नाही, गालाला लावून बघा. गार लागलं तर आत ओल आहे. आमच्यात मूर्तीलासुद्धा असंच बघतात.

पट्ट्या कात्रीनं कापू नका, फाडा. फाटलेल्या कडेचे तंतू एकमेकांत बसतात, जोड दिसत नाही. फुग्यापेक्षा चुरगाळलेल्या कागदाचा गोळा दोऱ्यानं आवळून घ्या, छाती-पाठीचा आकार त्यातच निघतो. चोचीला पुठ्ठ्याची सुरळी करा, आत अगरबत्तीची काडी घाला आणि ती सगळ्यात शेवटी बसवा. पायांना जी.आय. तार घ्या, तिला जस्ताचा मुलामा असतो.

बुरशी लागू नये म्हणून खळीत मोरचूद, म्हणजे कॉपर सल्फेट, घालायची जुनी पद्धत आहे, पण ते विष आहे. घरात लहान पोर असेल तर नकोच. फेविकॉल पाण्यात पातळ करून वापरा की.

सुमनकाकू
मोरचुदाऐवजी मेथी घाल बाळ. आमच्या सासूबाई लगद्याच्या दुरड्या करायच्या. कागद दोन दिवस भिजत घालायचा, पाणी पिळून कुटायचा, आणि रात्रभर भिजवलेली मेथी वाटून त्यात मळायची. लगदा चिकट होतो आणि त्याला कीड लागत नाही. मग उपड्या पातेल्यावर थापायचा. त्यातली एक दुरडी अजून माझ्याकडं लसणाला आहे. पण मेथीनं पिवळट झाक येते, म्हणून पांढरी छाती रंगवायच्या आधी खडूची पूड आणि फेविकॉल एकत्र करून दोन हात दे आणि बारीक पॉलिश पेपरनं घास.

पाणवठा
पोस्टर कलरवर पाण्यातलं वार्निश लावलंत की रंग विरघळून फरफटतो, तांबडा पांढऱ्यात उतरतो. ऍक्रिलिकच घ्या.

खंड्याच्या पिसांत निळं रंगद्रव्य नसतंच. पिसाच्या आतली सूक्ष्म रचना उजेड अशी परतवते की आपल्याला निळं दिसतं. म्हणून बाटलीतला निळा एकसारखा फासला की तो मेल्यासारखा दिसतो. आधी गडद निळा द्या. वाळल्यावर पिरोजी रंग अगदी पातळ करून दोन-तीनदा फिरवा, आणि शेवटी पाठीच्या मधोमध जवळजवळ कोरड्या ब्रशनं फिकट निळा ओढा.

एक चूक फार जण करतात, पोटही पांढरं रंगवतात. पांढरा फक्त गळा आणि छाती. डोकं आणि पोट चॉकलेटी, पंखाच्या खांद्याशी गडद पट्टा, चोच आणि पाय लाल. चोच डोक्याच्या मानानं मोठी वाटली तरी घाबरू नका, ती तशीच असते.

रंकाळ्याकाठची
सगळ्यांचे मनापासून आभार. जुनं अंग टाकलं. नव्या गोळ्यावर चार थर झालेत, शेपटीच्या बुडाशी आणि मानेला काकूंचा मेथीचा लगदा लावलाय. पट्ट्या आबाच फाडून देतात, खाटेवर बसल्या बसल्या. पेपर एका बाजूनं सरळ फाटतो आणि दुसऱ्या बाजूनं वाकडातिकडा जातो, हे त्यांनीच मला दाखवलं. आज गालाला लावून बघितलं. छाती कोरडी आहे, मान अजून गार लागते. चोच अजून बसवलेली नाही.