इंग्रजी कच्चं आहे, तरी स्पॅनिश जमेल का? (वय ४७, वरूड)

संत्रेवाला_वरूड:

राम राम मंडळी. वरूड तालुक्यात माझी साडेपाचशे संत्र्याची झाडं आहेत. शिक्षण बारावी, मराठी माध्यम. दोन वर्षांआधी डिंक्या रोगानं चाळीसेक झाडं गेली, तेव्हापासून रात्री जेवण झालं की यूट्यूबवर संत्र्याचे व्हिडिओ पाहायचा नाद लागला. स्पेनमधल्या वालेन्सियाकडचे लोक छाटणी करतात ती पाहतच राहावं. झाडाच्या पोटात ऊन जाईल असं आतलं सारं मोकळं करतात. कैची दिसते, हात दिसतात, पण हीच फांदी काऊन कापली अन् बाजूची काऊन ठेवली, ते तोंडानं सांगतात. तिथंच माझं घोडं अडते.

म्हणून चार महिन्यांपासून ॲपवर स्पॅनिश शिकतो आहे. ॲप शिकवते इंग्रजीतून. वर स्पॅनिश वाक्य, मी ते मनात मराठीत करतो, मग उत्तर इंग्रजीत लिहितो. परवा अर्थ बरोबर होता, इंग्रजीत एक 'द' राहिला तर लाल फुली! बायको म्हणते, "एक धड येत नाही, दुसरी कायले?"

तर आधी इंग्रजी पक्कं करू का? 'आहे' साठी त्यांच्याकडे 'एस' अन् 'एस्ता' असे दोन शब्द आहेत, तेही डोक्यात बसत नाहीत. अन् संत्र्याला 'नारांखा' म्हणतात हे पाठ केलं, तर एका व्हिडिओतला म्हातारा दर वाक्यात 'तारोंजा' म्हणते. त्याचं तर अर्धंही कळत नाही. मी चुकीचं पाठ केलं का?

बिनधास्त_अकोला:

भाऊ, सबटायटल लावा ना, आपोआप हिंदी होते. या वयात कुठं धातू घोकता!

गुरुजीबाई_सेलू:

सबटायटल मीही लावून पाहिली आहेत. एका छाटणीच्या व्हिडिओत खुंटाला 'मालक' केलं होतं. स्पॅनिशमध्ये 'पात्रोन' म्हणजे मालकही आणि कलमाचा खुंटही. मशीनला बिचाऱ्याला काय कळणार, जंबेरी (ज्यावर आपण संत्र्याचं कलम बांधतो तो खुंट) कोण आणि पाटील कोण.

संत्रेवाले भाऊ, मी सेलूची (वर्धा जिल्हा), जिल्हा परिषद शाळेतून निवृत्त, आयुष्यभर मराठी व्याकरण शिकवलं. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर घरी बसून होते, तेव्हा ५८ व्या वर्षी स्पॅनिश सुरू केलं. मीही आधी इंग्रजीच्या वाटेनं गेले. सहा महिने फुकट. मग वही उभी दुमडली, डावीकडे स्पॅनिश, उजवीकडे मराठी, इंग्रजीला जागाच ठेवली नाही. तेव्हा कुठं गाडी हलली. म्हणून इंग्रजी पक्कं करत बसू नका. ते शिकायचं असेल तर त्याच्यासाठी शिका, स्पॅनिशची पायरी म्हणून नको.

आता पाहा. 'मे गुस्ता ला नारांखा' म्हणजे मला संत्रा आवडतो. इंग्रजीवाल्याला हे वाक्य उलटं वाटतं, कारण त्याच्याकडे आवडण्याचं काम 'मी' करतो. आपल्याकडे क्रियापद संत्र्याच्या मागे जातं, त्यांच्याकडेही. एकाहून जास्त संत्री आली की आपलं 'आवडतात', त्यांचं 'गुस्तान'. डोकं दुखतं हे 'मे दुएले ला काबेसा', पाय दुखतात हे 'मे दुएलेन लोस पिएस'. आणि तुम्ही तर वरूडचे, घरी 'मले' म्हणत असाल. मधला 'ल' गाळला की झाला 'मे'!

तुम्ही-आपणही सुटलं आहे: 'तू' तो आपला तू, 'उस्तेद' म्हणजे मान देऊन बोलणं. म्हाताऱ्याच्या व्हिडिओखाली प्रश्न लिहाल तर उस्तेद लिहा. लिंगं आपल्याला तीन, त्यांना दोनच. फक्त झाड आणि फळ सांभाळा, झाड 'एल नारांखो' पुल्लिंगी, फळ 'ला नारांखा' स्त्रीलिंगी.

उच्चारात मूळचे इंग्रजी बोलणारे अडखळतात, आपण नाही. त, द, प, क आपलेच, जीभ दाताला लावून, हवा न सोडता. 'पेरो' म्हणजे पण, 'पेर्रो' म्हणजे कुत्रा. दुसऱ्यातला र्र जमत नाही असं लोक रडतात. पोह्यावरची तर्री मागता येते ना? तोच र्र थोडा लांबवा. आणि 'ह' लिहितात पण उच्चारत नाहीत, म्हणून नमस्कार 'ओला'.

एस आणि एस्ता मात्र खरंच अवघड, मीही अजून चुकते. नियम पाठ करू नका, तुमच्या बागेतून समजा. स्पॅनिशमध्ये 'वेर्दे' म्हणजे हिरवा. 'ला नारांखा एस वेर्दे' म्हटलं तर फळाचा रंगच हिरवा. 'ला नारांखा एस्ता वेर्दे' म्हटलं तर फळ कच्चं आहे, तोडू नका. आंबिया बहाराचं फळ पुष्कळदा साल हिरवी असूनही आत गोड असतं, आणि बाहेरचा व्यापारी सालीकडे पाहून भाव पाडतो. त्याला सांगायचं, एस वेर्दे, पेरो नो एस्ता वेर्दे. हे मराठीत एका वाक्यात मला अजून सांगता आलेलं नाही. फक्त एक पक्कं ठेवा, एखादी वस्तू, माणूस किंवा गाव कुठं आहे हे सांगायचं तर एस्ता, मग नागपूर हजार वर्षं तिथंच का असेना.

दिग्रसचा_पुण्यात:

बाईंनी सगळंच सांगितलं, फक्त तारोंजाचं राहिलं. दादा, तुम्ही बरोबरच पाठ केलंय. तो म्हातारा स्पॅनिश बोलतच नाही, वालेन्सियन बोलतोय. ती कातालानच्या (बार्सेलोनाकडच्या भाषेच्या) घरची भाषा, वालेन्सियाच्या खेड्यांत सर्रास चालते. तारोंजा म्हणजे त्यांचा संत्रा, आणि पाण्याला अग्वाऐवजी 'आयग्वा'. असले शब्द ऐकू आले की व्हिडिओ बदला, डोकं फोडू नका.

मी कंपनीत स्पॅनिश गिऱ्हाइकांचे फोन घेतो. अर्जेंटिनावाल्यांनी मलाही असंच रडवलं होतं. कलमाच्या डोळ्याला स्पॅनिशमध्ये 'येमा' म्हणतात (अंड्याचा पिवळा बलकही येमाच), ब्वेनोस आयरेसचा माणूस त्यालाच 'शेमा' म्हणतो. वेग ०.७५ करा आणि सबटायटल ठेवायची तर स्पॅनिशच ठेवा, म्हणजे कानानं सुटलेला शब्द डोळ्याला सापडतो. दिल्लीच्या इन्स्तितुतो सेर्वान्तेसची (स्पेन सरकारची भाषासंस्था) देले ही स्पॅनिशची परीक्षा नोकरीसाठी लागते, ए१ ते सी२ अशा पायऱ्या आहेत. तुमच्या छाटणीला कोण सर्टिफिकेट मागतंय!

संत्रेवाला_वरूड:

बाप्पा! म्हणजे महिनाभर मी भलतीच भाषा ऐकून स्वतःला ढ म्हणत होतो.

बाई, वही दुमडली. काल ०.७५ वर एक व्हिडिओ चार वेळा पाहिला. तो माणूस खोडातून सरळ वर निघालेल्या जाड फांद्या कापताना सारखं 'चुपोनेस, चुपोनेस' म्हणत होता. शब्दकोशात पाहिलं, चुपार म्हणजे चोखणं. झाडाचा रस चोखणारी फांदी. अरे, हे तर आपले पानसोट! पानसोट आम्हीही काढतो, पण तो एक जागा सोडून काढत होता. जिथं बाजूची फांदी मेली तिथला चुपोन त्यानं वाकवून ठेवला, अन् का ठेवला तेही सांगितलं: 'पारा येनार एल वेको', रिकामी पडलेली जागा भरायला. एवढंच वाक्य पूर्ण कळलं, पण चार महिन्यांत पहिलंच.

माझ्याकडे डिंक्यानं अर्धी गेलेली अकरा झाडं आहेत, एका अंगानं बोडकी. यंदा त्यांचे सारे पानसोट काढणार नाही.

अन् सकाळी बायकोला 'ओला' म्हटलं. ती अंगणात जाऊन पाहून आली अन् म्हणे, "कुठं ओलं? रात्री पाऊस तर आला नाही."