गटकार्याचे गुण गटाला द्यायचे की एकेका मुलाला?

चौथीची बाई
परवा गणिताच्या तासाला बाकाची लांबी मोजायला दिली. चौघांचा एक गट, गटाला एक पट्टी. एका गटाचं उत्तर बरोब्बर आलं, 112 सेंमी. चौघांना सारखेच गुण टाकणार होते, तेवढ्यात एक मुलगा दिसला. तो पट्टीचा 0 नाही, 1 कडेला लावत होता आणि शेजारची मुलगी गुपचूप पट्टी सरकवत होती. उत्तर तिचं, गुण चौघांचे!
20 ऑगस्ट 2010 च्या शासन निर्णयात आकारिक मूल्यमापनाची, म्हणजे शिकवता शिकवता वर्षभर मूल कसं शिकतंय ते बघण्याची, आठ तंत्रं आहेत, त्यात शेवटच्या 'इतर'मध्ये गटकार्य येतं. तिसरी-चौथीला एकूण गुणांत आकारिकचा वाटा 60 टक्के. म्हणून म्हणते, गटाला गुण देऊच नयेत. ज्याचं त्याला.

झेडपीवाला
बाई, माझ्याकडे तिसरी-चौथी एकाच खोलीत, 31 पोरं. कुणाकुणाचे हात बघू? आणि वही घेऊन जवळ उभं राहिलं की पोरं बोलायचीच थांबतात. त्या मुलीने पट्टी सरकवली, हेच तर गटकार्य. तिथेही तुम्ही चोर शोधताय.

पाचवीचा पालक
तुमचं ठीक आहे हो. आमच्या घरी तक्ता रात्री दहापर्यंत मुलगी एकटी रंगवते, बाकीचे खाली नावं लिहितात. गटप्रमुख म्हणजे हमाल. वर सगळ्यांना अ-1, सगळ्यात वरची श्रेणी.

झेडपीवाला
तक्ता घरी गेला की ते गटकार्य राहत नाही, आईबापांची स्पर्धा होते. त्याचा राग गटावर काढू नका.

खडूफळा
31 जणांना रोज कोण बघायला सांगतंय? रोज चौघंच ठरवायचे, आठवड्याभरात वीस होतात. काम संपलं की त्याच गोष्टीवर एक प्रश्न ज्याच्या त्याच्या वहीत, पाच मिनिटांत. नाहीतर नोंदी काय असतात ते माहीत आहे : 'गटात सहकार्य करतो.' व्हॉट्सॲपवरची पीडीएफ, पूर्ण वर्गाला तीच ओळ. मीही उतरवलीय, खोटं कशाला बोलू.

झेडपीवाला
एक प्रश्न म्हणजे पुन्हा चाचणीच की. जो मुलगा लिहायला अडतो पण गटात फडाफडा सांगतो, त्याचं काय?

चौथीची बाई
तोंडी विचारा. मी आज तेच केलं. सुरुवातीचा तुकडा मोडलेली पट्टी दिली, 3 पासून आकडे. पेन्सिलीचं एक टोक 3 वर, दुसरं 12 वर. एकेकाला बाजूला बोलावलं. तो मुलगा म्हणाला बारा. ती मुलगी म्हणाली नऊ. राहिलेले दोघं, ज्यांच्याकडे मी बघितलंही नव्हतं, तेही म्हणाले बारा.

झेडपीवाला
मोडक्या पट्ट्या आमच्याकडे ढिगाने आहेत. उद्या विचारून बघतो. गुण मात्र टाकणार नाही.