शब्दचर्चा: ‘कंपोझिट’ फोटोला मराठीत काय म्हणायचं?

प्रश्न

फोटो एडिटिंग शिकणाऱ्या मुलांसाठी मी मराठीत टिपणं लिहिते आहे आणि पहिल्याच धड्यात अडले आहे. दोन-तीन फोटोंतले भाग घेऊन एकाच जागी, एकाच क्षणी काढल्यासारखा दिसणारा फोटो करणं म्हणजे कंपोझिट. याला ‘संमिश्र छायाचित्र’ म्हणता येईल, ‘संयुक्त छायाचित्र’ही. वर्तमानपत्रं सरसकट ‘मॉर्फ केलेला फोटो’ लिहितात आणि मुलं म्हणतात, ‘फोटोशॉप केलाय’. मला यातलं काहीच पटत नाही. ‘संयुक्त’ म्हटलं की गणिताच्या तासाच्या मूळ आणि संयुक्त संख्या आठवतात. शिवाय लेयर (एकावर एक ठेवलेले चित्राचे सुटे भाग) आणि मास्क (त्यातला नको तो भाग झाकायची सोय) यांनाही शब्द हवेत. सुचवाल का?

ठाण्याहून

‘कोलाज’ घ्या. रुळलेला आहे, सगळ्यांना कळतो.

पुण्याहून

कोलाज नको. त्या शब्दाच्या मुळाशी ‘चिकटवणे’ या अर्थाचं फ्रेंच क्रियापद आहे, आणि कोलाजमध्ये कात्रणांच्या कडा दिसतात, दिसाव्यातच. कंपोझिटमध्ये कड दिसली की काम फसलं. त्या कामाचा सगळा कस आपल्या एका जुन्या शब्दात आहे, ‘बेमालूम’. मालूम म्हणजे ठाऊक, बे म्हणजे विना. जोड कुठे आहे हे कोणाला ठाऊक होऊ नये.

‘मॉर्फ’बद्दल मात्र मला कळकळीनं सांगायचं आहे. ग्रीकमध्ये मॉर्फे म्हणजे रूप. मॉर्फिंग म्हणजे एक रूप हळूहळू बदलत दुसरं होणं. १९९१ साली मायकल जॅक्सनच्या ‘ब्लॅक ऑर व्हाइट’च्या व्हिडिओत शेवटी एक चेहरा दुसऱ्यात, दुसरा तिसऱ्यात विरघळत जातो, ते मॉर्फिंग. कुणा मुलीचा चेहरा कापून परक्या शरीरावर बसवणं हे मॉर्फिंग नाही, ती बनावट आहे. बातमीत ‘बनावट फोटो’ असं लिहिलं की वाचणाऱ्याला लगेच कळतं की तो फोटो त्या मुलीचा नाहीच. ‘मॉर्फ’ लिहिल्यानं ते झाकलं जातं आणि नुकसान तिचं होतं. ‘छेडछाड केलेला फोटो’ हिंदीतून आलंय. मराठी कानाला छेडछाड म्हटलं की रस्त्यावरचा त्रास आठवतो. आहे त्याच फोटोत काही बदललं असेल तर ‘फेरफार’ पुरेसा आहे, सातबाऱ्याच्या नोंदीमुळे तो गावोगाव माहीत आहे.

‘संमिश्र’ही इथे बसत नाही, पण त्याला एक जागा आहे. १८७०च्या दशकाच्या अखेरीस फ्रान्सिस गाल्टन या इंग्रजानं फोटोच्या एकाच प्लेटवर अनेक माणसांचे चेहरे थोडा थोडा वेळ उमटवून एक सरासरी चेहरा काढला. त्यात कोणाचं नाक कुठलं, हे वेगळं काढता येत नाही. ते खरं मिश्रण, दुधात साखर विरघळावी तसं. तुमच्या कामात प्रत्येक भाग आपापल्या जागी शाबूत असतो. तिथे मिश्रण नसतं, जोड असते.

कराडहून

माझा फोटो स्टुडिओ आहे, फ्लेक्सही करतो. गिऱ्हाईक कधीच कंपोझिट म्हणत नाही. ‘हे दोन फोटो जोडून द्या’ म्हणतं, नाहीतर ‘जॉइंट फोटो’. ‘मागचं उडवा’, ‘कोट टाका’, ‘साहेबांना मध्ये घ्या’ हीच आमची रोजची भाषा.

एक काम सविस्तर सांगतो, म्हणजे शब्द कुठून येतो ते कळेल. एक मुलगा आई-वडिलांचा जोडीचा फोटो करून मागायला आला. वडील जाऊन बरीच वर्षं झालेली. त्यांचा एकच धड फोटो, काळा-पांढरा, उजेड डावीकडून. आईचा मोबाइलवर अंगणात काढलेला, ऊन उजवीकडून. सोपा मार्ग म्हणजे वडिलांचा फोटो आडवा उलटवायचा. मी उलटवला, उजेड जुळला, मलाही बरं वाटलं. आई बघायला आल्या आणि लगेच म्हणाल्या, “ह्यांचा भांग ह्या बाजूला नव्हता.” नीट बघितलं तर शर्टाचा खिसाही डावीकडून उजवीकडे गेलेला.

मग उलटवणं रद्द केलं. आईचा फोटोच काळा-पांढरा करून, एका बाजूला उजळत दुसऱ्या बाजूला गडद करत त्यांच्यावरचा उजेड फिरवला. जुन्या फोटोतला रवाळपणा नव्यावर टाकला, नाहीतर एक जण खरबरीत आणि एक गुळगुळीत दिसतो. शेवटी वडिलांच्या खांद्याची पुसट सावली आईंच्या पदरावर पाडली. तोवर ते दोघे वेगवेगळे चिकटवल्यासारखे वाटत होते, सावली पडल्यावर शेजारी उभे राहिले. आपण फोटोला छायाचित्र म्हणतो ते मला त्या दिवशी नव्यानं कळलं. छाया जुळल्याशिवाय चित्र जुळत नाही. आई खुर्चीत बसून पुष्कळ वेळ बघत राहिल्या. लग्नातसुद्धा दोघांचा एकत्र फोटो निघाला नव्हता, म्हणाल्या.

या कामाला कोणी ‘बनावट’ म्हटलेलं मला सहन होत नाही. मुलाला ठाऊक, आईंना ठाऊक, मला ठाऊक. फसवणूक कोणाचीच नाही. म्हणून मी ‘जोडफोटो’ म्हणतो. पुस्तकी हवं असेल तर ‘जोडचित्र’.

नागपूरहून

जोडचित्र ऐकून शेजारी-शेजारी लावलेली दोन चित्रं डोळ्यांसमोर येतात. ‘सांधचित्र’ कसं वाटतं?

पुण्याहून

‘सांध’ ऐकलं की मला गुडघा आठवतो, माफ करा. आणि जोड म्हणजे नुसतं शेजारी ठेवणं नव्हे. जोडाक्षर बघा. ‘प्या’ लिहिताना प आणि य शेजारी बसत नाहीत, प आपला उभा दंड सोडतो आणि य त्याला येऊन भिडतो. एकाचा थोडा भाग झाकल्याशिवाय जोड होत नाही. कराडच्या दादांनी नेमकं हेच केलं.

ही कला संगणकाच्या कितीतरी आधीची आहे. ऑस्कर रेजलँडर या छायाचित्रकारानं १८५७ साली तिसांहून जास्त निगेटिव्ह वापरून एकच मोठा फोटो छापला. दुसऱ्याच वर्षी हेन्री पीच रॉबिन्सननं मरणाला टेकलेल्या मुलीचा प्रसंग पाच निगेटिव्ह जोडून उभा केला. फोटोशॉप आलं १९९० साली, पण त्यात लेयर आले १९९४ मध्ये, तिसऱ्या आवृत्तीत. त्याआधी एकदा चिकटवलेला भाग चित्रात मुरून जायचा, नंतर उचलून हलवता येत नसे.

डोंबिवलीहून

लेयरला ‘पदर’ म्हणा. ‘थर’ म्हटलं की धूळ नाहीतर दहीहंडी, ‘स्तर’ म्हटलं की शिक्षणाचा. पोळीचे पदर सुटे होतात आणि तरी पोळी एकच असते. बहुपदरी कथा म्हणतोच आपण.

प्रश्नकर्तीकडून

‘पदर’ फार आवडला, घेतला. ‘जोडफोटो’ही घेतला. बनावट, फेरफार आणि जोड हे तिन्ही वेगळे, असं पहिल्या पानावरच लिहिते. मास्कचं काय? ‘मुखवटा’ लिहिलं होतं, मुलांना वाटलं चेहऱ्यावर काहीतरी लावायचंय.

कराडहून

‘पडदा’ लिहा. मास्कवर काळा रंग फिरवला की पडदा ओढला जातो, पांढरा फिरवला की सरतो, करड्यातून अर्धवट दिसतं. मूळ फोटो पडद्यामागे जसाच्या तसा राहतो, काही खोडलं जात नाही. मुलांना आधी हेच समजावा, कारण सगळे खोडरबर घेऊन बसतात आणि केसांच्या कडेशी रडकुंडीला येतात.

प्रश्नकर्तीकडून

आणि फेदर? ‘कड मऊ करणे’ लिहिलंय.

कराडहून

आमच्याकडे काम शिकायला येणारी पोरं ‘कड विरवली’ म्हणतात. केसांना दोन पिक्सेल, सावलीला वीस-तीस.