अभ्यासिकेतही संध्याकाळी भोंगा वाजवावा का?

हरभटरोड
मोहित्यांचे वडगाव (ता. कडेगाव) इथं २०२२ च्या ऑगस्टमध्ये ठरलं: संध्याकाळी ७ ला देवळावरचा भोंगा वाजणार, ८.३० पर्यंत टीव्ही-मोबाइल बंद. सांगलीतल्या अभ्यासिकांनीही हेच करावं, असं माझं मत. इथल्या पोरांचं सगळंच उलटं. इन्स्टा डिलीट करायचं आणि क्रोममधून लॉगिन करायचं. 'टाळाटाळ कशी थांबवावी' याचे रील सेव्ह करायचे, तेही अभ्यासाच्या वेळेत. टेलिग्रामवर चालू घडामोडींच्या पीडीएफचा ढीग, उघडलेली एकही नाही. अँड्रॉइडचा ॲप टायमर स्वतःच लावलेला, मग संपला की सेटिंगमध्ये जाऊन स्वतःच वाढवायचा. चोराच्या हाती किल्ल्या!

अजिंक्यतारा
असहमत. वडगावात ते गावसभेत ठरलं आणि त्या वेळेत आई-बापाचाही टीव्ही बंद असतो. अभ्यासिकेत ७ ला कुणाचं लेक्चर, कुणाची टेस्ट, आणि दोन्ही फोनवरच.
शिवाय दुखणं फोनचं नाहीच. सिरॉइस आणि पिचिल या मानसशास्त्रज्ञांनी २०१३ च्या लेखात मांडलंय की अवघड कामानं मन खट्टू होतं आणि त्यातून तात्पुरतं सुटायला माणूस काम पुढं ढकलतो. फोन काढून घ्या, तेच पोरगं चहाला जाईल नाहीतर वेळापत्रकाला रंग देत बसेल. 'राज्यव्यवस्था वाचणे' असं लिहिलं की ढकललं जाणारच. 'कलम ३६ ते ५१, आधी जुने दहा प्रश्न, मग चुकलं तेवढंच वाचणे' असं लिहा, म्हणजे हात कुठं घालायचा ते कळतं.

विश्रामबागकर
फोन फेकायची गरज नाही, त्यातला टाइमपास वेगळा काढा. यूट्यूबची वॉच हिस्टरी पुसून बंद केली की होम पान रिकामं होतं. सर्च आणि सबस्क्रिप्शन चालूच राहतं. लेक्चर आदल्या रात्री डाउनलोड करा, दिवसा डेटा बंद. 'फॉर्मचा ओटीपी येईल' ही सबब चालायची नाही, एसएमएस डेटाशिवाय येतो. आयफोनवाल्यांनी स्क्रीन टाइमचा पासकोड रूममेटकडून टाकून घ्यावा, नाहीतर 'आजच्यापुरतं दुर्लक्ष करा' हे बटण समोर आहेच.

हरभटरोड
आणि हे सगळं लावण्यात दुपार जाते. सेटिंग करत बसणं हीसुद्धा टाळाटाळच की!

अजिंक्यतारा
हे मात्र बरोबर. २५ मिनिटांचा टायमरही फोनवर नको. बंद करायला हात लावला की नोटिफिकेशन दिसतं. भिंतीवरचं घड्याळ काय वाईट आहे?

कराडचा_भावा
भावांनो, पोलीस भरतीची पोरं बघा. पहाटे १६०० मीटर पळायला कुणी टाळत नाही, कारण सोबत चौघं असतात आणि किती सेकंद कमी झाले ते लगेच कळतं. तीच पोरं अंकगणिताला बसली की रील. एकटं बसायचं, आणि निकाल महिन्यांनी! म्हणून लेखीसुद्धा चौघांनी एकत्र लावायची. १०० प्रश्न, ९० मिनिटं, छापील पेपर. फोन दाराजवळच्या टेबलावर, सायलेंटवर नाही, बंदच. उत्तरतालिकाही छापूनच आणा. 'फक्त उत्तरं बघतो' म्हणून फोन उघडला की चुकलेले प्रश्न तसेच राहतात.

हरभटरोड
आणि चौघांतला एक आला नाही तर?

कराडचा_भावा
तिघांनी वेळेवर सुरू करायचं. वाट बघत बसलात की फोन हातात आलाच.