अकोल्यात लपलेला कोआला: शब्दातून इंग्रजी शब्द काढायच्या तुमच्या आठवणी

कापूसबोंड:
काल रात्री लेकीचा दहावीचा इंग्रजीचा सराव घेत होते. पहिल्याच प्रश्नात एक लांबलचक शब्द, त्यातल्या अक्षरांतून चार शब्द काढायचे. तिनं अर्ध्या मिनिटात काढले अन् पुढं गेली. मी तिथंच राहिले, चाळीस वर्षांपूर्वीच्या दर्यापूरच्या फलाटावर.

शकुंतलेची, म्हणजे आमच्या छोट्या आगगाडीची, वाट पाहत बसलो की बाबा स्टेशनच्या पाटीकडं बोट करायचे. बाबा सातवी शिकलेले. म्हणायचे, "काढ बरं याच्यातून इंग्रजी शब्द. एक अक्षर पाटीवर जितक्या खेपा असन, तितक्याच खेपा वापराचं." शाळेत इंग्रजी तेव्हा पाचवीपासून, मी तिसरीत. एबीसीडी बाबांनीच शिकवलेली. माझा पहिला शब्द डे. मग पे. बाबांनी काढला यार्ड, आणि समोर मालडबे उभे होते तिकडं हात केला. गाडी उशिरा आली तरी चालायचं मला, उलट बरंच वाटायचं.

पुढं घरी जिल्ह्यांची नावं सुरू झाली. विदर्भात तेव्हा नऊच जिल्हे. अमरावतीतून अवतार निघाला, तोही इंग्रजी डिक्शनरीत सापडला, त्या रात्री बाबांनी आईला झोपेतून उठवून सांगितलं.

तुमच्याकडं असं काही होतं का? लिहा ना.

धुऱ्यावरचा:
अकोला!!! अक्षरं तेच, फक्त जागा बदला, कोआला. एक बी अक्षर उरत नाही. मले आठवीत सापडला होता, आठ दिवस सगळ्याइले सांगत फिरलो.

पळसफूल:
शकुंतला वाचलं न् डोळे भरले हो ताई. माझं आजोळ मूर्तिजापूरजवळ. मामा आलूबोंडे घेऊन स्टेशनवर उभा असायचा, कागदातून तेल झिरपलेलं. शब्दांचं नंतर लिहिते, कुकर लावलाय.

खडूफळा:
मी जिल्हा परिषद शाळेवर आहे. शनिवारी आमच्याकडं झाकणांचा खेळ असतो. पाण्याच्या बाटल्यांची शंभरेक झाकणं जमवली, प्रत्येकावर मार्करनं एक अक्षर. पहिल्यांदा मी सगळी अक्षरं सारखीच लिहिली, चार-चार. दहा मिनिटांत खेळ बंद पडला. ई संपलं, ए संपलं, पोरांच्या हातात उरले क्यू, एक्स, झेड.

मग स्क्रॅबल या शब्द जुळवायच्या खेळात कसं केलंय ते पाहिलं. शंभर सोंगट्यांत ई बारा, ए आणि आय नऊ-नऊ, क्यू आणि झेड एकेकच, म्हणून त्या दोघांना दहा-दहा गुण. खेळ बनवणाऱ्या आल्फ्रेड बट्सनं वर्तमानपत्रातली अक्षरं मोजून हा हिशेब बसवला होता. म्हटलं, आपणही मोजू. प्रत्येक गटाला इंग्रजी पेपरचा एकेक परिच्छेद दिला. सगळ्या गटांत ई पुढं. सातवीतली एक मुलगी, वर्गात कधी तोंड न उघडणारी, हळूच म्हणाली, "सर, 'द' किती वेळा आहे पाहा ना. त्यातच ई आहे." तिनं कारणच पकडलं होतं! झाकणं नव्यानं लिहिली ती तिच्याच अक्षरात.

मोहफूल:
सर त्या झाकणांचा फोटो टाका. आमच्या गडचिरोलीतून चाइल्ड, गर्ल, गोल्ड, कोल्ड, चेअर. अजून आहेत, पोरगा मोजून राह्यला.

संत्राबाग:
मी खेळ म्हणून नाही शिकलो. बाबा कपाशीवर फवारायचे, रिकामे डबे धुऱ्यावर पडलेले असायचे. मी डब्यावरचं इंग्रजी अक्षर-अक्षर लावून वाचायचो. मोनोक्रोटोफॉस. तेरा अक्षरं, त्यात पाच ओ, ओशिवाय दुसरा स्वरच नाही. शाळेत मोठ्या आनंदानं सांगितलं तर गुरुजींनी आधी विचारलं, डबा हातात धरला होता का? हौदावर नेऊन साबणानं हात धुवून घेतले. संध्याकाळी घरी आले अन् बाबांना तोंडाला फडकं बांधायला, हातमोजे घालायला सांगून गेले. 2017 मध्ये यवतमाळकडं फवारणीतून विषबाधा होऊन माणसं गेली, तेव्हा ते पाच ओ डोळ्यांपुढून हलेनात.

कापूसबोंड:
वाचून थांबलेच. बाबा कसे आहेत आता?

संत्राबाग:
बरे आहेत ताई. कपाशी सोडली, आता संत्रा. हातमोजे मात्र आजही खुंटीला असतात, गुरुजींचं नाव काढतात.

धुऱ्यावरचा:
देव भलं करो त्या गुरुजीचं. भाऊ, नुसत्या ओचे मले दोन सापडले. ऑर्थोडॉक्स, प्रोटोकॉल. तीन-तीनच ओ आहेत पण. पाचवाला तुमचाच.

जुनीबंडी:
एकाधिकार कापूस खरेदीचे दिवस, म्हणजे कापूस फक्त सरकारी केंद्रावरच विकायचा. केंद्रावर बंड्यांची रांग, दोन-दोन रात्री तिथंच मुक्काम. बंडीतल्या कापसावर आडवं होऊन मी आठवीचं पुस्तक वाचायचो. रांगेला इंग्रजीत क्यू, त्याचं स्पेलिंग पाच अक्षरांचं. पहिलं अक्षर म्हटलं की उच्चार पुरा, मागची चार नुसती उभी! बाबांना सांगितलं. ते म्हणाले, "आपल्यासारखीच रे, नंबर येईपर्यंत." पुढच्या-मागच्या बंडीवाल्यांनाही सांगितलं त्यांनी. सगळे हसले. त्या थंडीत ते हसणं फार उबदार वाटलं.

पळसफूल:
आले. बाई गं, बंड्यांची रांग! आमचे काका तिथं चुलीवर भाकर टाकायचे म्हणे. खरं का हो?

जुनीबंडी:
खरं आहे. तीन दगडांची चूल. सोबत मिरचीचा ठेचा.

टंकयंत्र:
तालुक्याच्या टायपिंग क्लासला 'द क्विक ब्राउन फॉक्स जम्प्स ओव्हर द लेझी डॉग' रोज वीस ओळी. सव्वीसच्या सव्वीस अक्षरं त्यात. मी एकदा जम्प्सच्या जागी जम्प्ड मारलं. मॅडम म्हणाल्या, आता एक अक्षर हरवलं, शोध. तासभर शोधलं. एस! अख्ख्या वाक्यात एस तेवढ्या एकाच जागी आहे. तेव्हापासून कोणतंही वाक्य दिसलं की मी त्यात काय नाही ते आधी पाहते.

मोहफूल:
माझ्या पोरानं विचारलंय, एकही ए-ई-आय-ओ-यू नसलेला शब्द कोणता? स्काय, फ्लाय झाले. मोठा पाहिजे.

खडूफळा:
रिदम. सहा अक्षरं. त्याला स्वतः लिहू द्या, एच दोनदा येतो तिथं पोरं चुकतात.

पळसफूल:
वर्धेतून अवॉर्ड निघतो! हार्ड, ड्रॉ पण. जाऊबाईंनी काढला, तूर निवडता निवडता. त्या दहावीनंतर शिकल्या नाहीत.

कापूसबोंड:
जाऊबाईंना माझा नमस्कार सांगा. आत्ता बाबांना फोन केला होता. ऐंशीच्या घरात आहेत. तुमचे सगळे शब्द वाचून दाखवले, कोआला दोनदा वाचायला लावला. म्हणाले, "वाशीम आपला राह्यलाच होता. तवा तो अकोल्यातच होता, आता घे." फोन ठेवायच्या आत तीन दिले. वॉश, विश, स्विम. दहा मिनिटांनी परत फोन, "स्वामी बी आहे ओ, इंग्रजीत चालते."

धुऱ्यावरचा:
बाबाले रामराम. भंडारा कोण घेते?