चढाओढ, दोरी आणि एक तृतीयांश हवा

पाण्याने भरलेल्या गुहांत उतरणारे डायव्हर विक्रमाच्या चढाओढीपायी मरतात, असं अनेकदा म्हटलं जातं. मला ते अर्धंच पटतं. फ्लोरिडातल्या अशा अपघातांचा अभ्यास करून अमेरिकी गुहा-डायव्हर शेक एक्स्ली यांनी १९७९ मध्ये जी कारणं मांडली, ती फार साधी होती: बाहेरपर्यंत अखंड दोरी नाही, परतीसाठी पुरेशी हवा राखलेली नाही, झेपणार नाही इतकी खोली. त्यातल्या हवेचा नियम असा की एक तृतीयांश आत जाताना, एक तृतीयांश बाहेर येताना आणि उरलेली अडचणीसाठी, म्हणजे मुख्यतः जोडीदारासाठी. दोरीवर प्लास्टिकचे त्रिकोणी बाण अडकवतात, टोक बाहेरच्या दिशेला. गाळ उठून काही दिसेनासं झालं तरी बोटांनी चाचपून वाट कळते.

पण चढाओढीचं म्हणणं अगदीच खोडून काढता येत नाही. हेच एक्स्ली एप्रिल १९९४ मध्ये मेक्सिकोतल्या साकातोन या पाण्याने भरलेल्या खोल विवरात विक्रमी खोली गाठायच्या प्रयत्नात मरण पावले. ते आणि त्यांचे जोडीदार डायव्हर जिम बोडेन एकाच वेळी, पण वेगवेगळ्या दोऱ्यांवरून उतरत होते. हवा अपेक्षेपेक्षा कमी उरलीय हे दिसताच बोडेन सुमारे २८२ मीटरवरून वळले आणि वाचले. इतक्या खोलीवर शेजारचा माणूस मदतीला पोचूच शकत नाही. जोडीदारासाठी राखलेल्या हवेचा हिशेबच तिथे संपतो. म्हणून मला गुहा-डायव्हरांमधला दुसरा एक नियम सगळ्यात मोलाचा वाटतो: कुणीही, कधीही, कुठल्याही कारणाने डाइव्ह थांबवू शकतो आणि त्याला कुणी जाब विचारायचा नाही. चढाओढ सगळ्यात आधी या नियमावर घाला घालते.