प्रतिसाद: हिमनदीचं तळं, पण खारट!

वर कुणीतरी लिहिलंय की प्रेअरीतलं (सपाट गवताळ मुलखातलं) हिमनदीचं तळं म्हणजे गोडं पाणी, बोट आणि गळ टाकून बसणं. पुष्कळ ठिकाणी खरंच तसं आहे, पण कॅनडाच्या सस्कॅचवान प्रांतातलं लिटल मॅनिटू तळं विसरू नका. सॅस्काटून शहरापासून गाडीने दीडेक तास.

मागे सरकणाऱ्या हिमनदीच्या पाण्याने खोदलेल्या दरीत हे तळं आहे. पाणी झऱ्यांतून येतं, पण बाहेर जायला वाट नाही. ते नुसतं उन्हात आटतं आणि क्षार मागे राहतात. खारं तळं म्हटलं की आपल्याला लोणार आठवतं, पण ते उल्केचं.

इथे मासेमारी विसरा. पाण्यात उताणं पडायचं, बस्स! पोहता न येणारी माझी बायकोसुद्धा बुडली नाही, उलट पाय खाली टेकवताना तिची तारांबळ उडाली. हातापायावर खरचटलेलं असेल तर मात्र जपून, असं झोंबतं की विचारू नका. आणि बाहेर आल्यावर आधी अंगावर साधं पाणी घ्या, नाहीतर कातडीवर पांढरी पुटं चढतात.

काठावर १९२८ सालचं डान्सलँड हे नाचघर आहे. त्याच्या लाकडी जमिनीखाली घोड्याचे केस भरलेत, म्हणून पावलागणिक ती किंचित दबते.